रांजणातला घोट

हे मी कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्हालाच का सांगते? — माहीत नाही. ऐका.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पोरं फार भांडायची, पाट्या फुटायच्या. छडी मला आवडत नसे — दयेपोटी नव्हे, छडीत वेळ जातो म्हणून. मी एक नेम घातला. राग आला, रडू आलं, की उठायचं, रांजणातलं पाणी तोंडात धरायचं आणि भिंतीशी बसायचं. मी 'गिळ' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाणी कोमट होईतो राग निवतो. शाळा तपासायला आलेले साहेबही खूष झाले — बाई मुलांना मन आवरायला शिकवतात, म्हणाले.

पण रांजण सगळ्यांचा होता का? कायद्यानं होता. माझ्या वर्गातली हौसा महारवाड्यातली. तिच्या ओंजळीत कुणीतरी वरून पाणी ओतायचं. नेम घालताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं? — की हिला राग येणारच नाही, असं मी धरून चालले होते?

एकदा तिनं धडा न अडखळता वाचला. शेजारून पाटलांची शेवंता म्हणाली, "हौसे, तुझी आई आमच्या दारात शिळं मागती, अन् तू बाईंपुढं फडाफडा वाचतीस व्हय गं?"

हौसाची मूठ वळली. उचललीही. मग थांबली. सरळ रांजणाकडं गेली, पेला बुडवला, घोट तोंडात घेतला आणि भिंतीशी बसली. मी शिकवलेलं इतकं नेमकं कुणीच केलं नव्हतं.

"बाटवला! रांजण बाटवला!" पोरं ओरडली. शाळेच्या ओट्यावर बसलेले पाटील आत आले, मागोमाग हेडमास्तर.

"कुणी सांगितलं गं तुला?" पाटलांनी हौसाला विचारलं.

तोंडात पाणी. ती बोलणार कशी? तिनं माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुम्ही सांगितलं?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

"मी? — मी कशाला सांगेन?"

हे मी म्हणाले. चटकन म्हणाले, आवाजही कापला नाही.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातलं मात्र तिनं सांडू दिलं नाही. अजून माझ्या शब्दाची वाट बघत होती. मी फळा पुसायला घेतला.

पाटलांनी दंडाला धरून तिला बाहेर काढलं. गाल तसेच फुगलेले. ती परत शाळेत आली नाही. मीही महारवाड्यात गेले नाही — वाट काही लांबची नव्हती. रांजण फोडला, नवा आणला. नेम तसाच राहिला. पुढं बदली झाली, तिथंही मी तोच चालवला. आजही चालवते. दिवसभर पोरांना 'गिळ' म्हणत असते.

तिला म्हणाले नाही.