डाल्याखालची काळी तलंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरात नाही, मैत्रिणीला नाही, आणि सभेत तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर हसाल—ही आणि गप्प? चाळीतल्या पाण्यावर पत्रक काढणारी मी, जिन्यातल्या दिव्यावर काढणारी मी, मंडळाच्या कार्यकारिणीत बायका का नाहीत म्हणून ऐन गणपतीत माईक हातात घेणारीही मीच. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मला ‘पुढारीणबाय’ म्हणतात. टोमणा असतो तो. मला आवडतो.

तर एवढं सगळं बोललेय, फक्त हे सोडून.

आत्ता लिहितेय तीसुद्धा आमच्या मागीलदारी बसून. तळमजल्यावरच्या खोल्यांना मागे जी जागा आहे—मोरीचे पाइप, जंगली बदामाचं झाड, पलीकडे कंपाउंडची भिंत—तिला आमच्याकडे अजून मागीलदारच म्हणतात, गावच्या घराला असतं तसं. बाबांनी रिटायर झाल्यावर तिथे कोंबड्या पाळल्या. देशी. आज त्या पायाशी माती उकरतायत, कोंबडा उगाच रुबाब करतोय, बदामाची सावली पडलीय. बरं चाललंय माझं. खरं सांगते, खूप बरं चाललंय. वाईट दिवसात हे लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, बिचारी खचलीय. तशी मी खचलेली नाही. म्हणूनच हे जास्त टोचतं—असं बोलून, असं वागून माणूस एवढं सुखात राहू शकतं?

पण आधी कोंबड्यांचं सांगते. सांगणं टाळतेय असं वाटेल. थोडं टाळतेयही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आतेने गावाहून तीन तलंगा पाठवल्या. तलंग म्हणजे वयात येऊ घातलेली कोंबडी—पिल्लू नाही, अंड्यावरही आलेली नाही. त्यातली एक काळीभोर, पायात आतेने बांधलेली लाल चिंधी. आता, नवी कोंबडी जुन्यांत सरळ सोडत नाहीत. बांबूच्या डाल्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवतात, अंगणाच्या मधोमध. जुन्या बाहेरून फिरतात, फटींतून बघतात, एखादी चोच मारून बघतात. आतल्या आत राहतात, बाहेरच्या बाहेर. मग हळूहळू बाहेरच्यांना त्याचा कंटाळा येतो. तो कंटाळा आला की समजायचं, ओळख झाली.

बाबांनी मला बजावलं होतं. “आधी वळख होवंदे. तोपर्यंत डालां उचलूचां नाय हां, चेडवा.”

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं, असं नाही.

त्या दिवसांत मी नळाच्या पाळीवर भांडत होते. आमच्या चाळीत मूळचे सगळे कोकणातले. भाड्याने राहायला येतात ते बरेचसे घाटावरचे. आणि नियम असा की पाणी आधी जुने भरणार, भाडोत्री शेवटी. शेवटी म्हणजे नळ गुरगुरायला लागल्यावर. मी पत्रक काढलं होतं: ‘जुने-नवे भेद गाडा, एकाच रांगेत हंडा मांडा!’ यमक मला स्वतःलाच फार आवडलं होतं. दिवसभर तोंडात तेच.

आणि मग दुपारी मी मागीलदारी आले आणि ते डालं बघितलं. तिघी आत. बाहेर आमची म्हातारी तांबडी कोंबडी—तिला बाबा जॉबरीण म्हणायचे, आजोबांच्या गिरणीतल्या जॉबरसारखी सगळ्यांवर डाफरायची म्हणून—डाल्याभोवती फेऱ्या घालतेय. बाबा दाताच्या डॉक्टरकडे परळला गेलेले. मी मनात म्हटलं, हे काय आहे? डालणं म्हणजे डांबणंच ना? नवीन आली म्हणून कोंडायची? ह्याच चाळीत, माझ्याच दारात?

हसू येतंय? मलाही येतं. पण तेव्हा मी अगदी गंभीर होते. कोंबड्यांना समानता शिकवायला निघाले होते मी.

डालं उचललं. भिंतीला टेकून ठेवलं.

पहिल्यांदा काही झालं नाही. तिघी एकमेकींना चिकटून उभ्या. मग जॉबरीण पुढे आली आणि काळीच्या डोक्यावर एक चोच मारली. मी म्हटलं, होईल, बोलतील-चालतील. तेवढ्यात फोन वाजला—पत्रकं कुठे कुठे लावायची, कुणाकुणाच्या सह्या घ्यायच्या. मी पुढच्या दाराशी जाऊन बोलत बसले. चांगलं बोलले. आवाज चढवून बोलले. मागून कलकलाट ऐकू येत होता, आणि मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.

परत आले तेव्हा काळी मोरीच्या पाइपामागे अडकली होती. डोक्यावर रक्त. रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत, सगळ्या मिळून तुटून पडतात. मी त्यांना हाकललं. ती हातात आली तेव्हा ऊन होती, पण मान लटकत होती.

बाकीच्या दोघींना मी पकडलं, परत डाल्याखाली घातलं. हात धुतले. काळीला डाल्याच्या बाहेर, अगदी कडेला ठेवलं. का ठेवलं? तेव्हा ठरवलं नव्हतं, असं मला म्हणावंसं वाटतं. पण हात ठरवून चालले होते.

भिंतीवर मन्या बसला होता. मन्या म्हणजे काकूंचा बोका. काकू सोलापूरकडच्या, एकट्या, आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने. ज्यांच्या हंड्यासाठी मी भांडत होते, त्यांतल्या पहिल्या.

बाबा आले. काळीकडे बघून म्हणाले, “कोणी केल्यान ह्यां?”

“मांजर असेल,” मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तर? अंदाज म्हणून खपलं असतं. बाबा पुटपुटले असते, विषय संपला असता. पण मला पत्रक लिहायची सवय. नुसतं ‘असेल’ कुणाला पटतं? तपशील लागतो. मी म्हटलं, “काकूंचा मन्या. मी बघितलं. डाल्याखाली पंजा घालून ओढली त्याने.”

मी बघितलं. दोन शब्द. आख्ख्या आयुष्यात इतकं बोलले, पण या दोन शब्दांइतकं कुणाचं नुकसान केलेलं नाही.

बाबांनी मारलं असतं का? छे. ते रागाने एक दिवस गप्प बसले असते, दुसऱ्या दिवशी त्यांनीच चहा पुढे केला असता. मग कशाला? खरं सांगते. काळी मेली याचं दुःख होतं, पण माझं म्हणणं आपटलं याची लाज त्याहून मोठी होती. नळावर मी सगळ्यांना सांगत होते, नवे-जुने एकत्र आणा, काही होत नाही. आणि माझ्याच मागीलदारी ते होऊन बसलं होतं. वहिनींना कळलं असतं तर? “पुढारीणबायच्या कोंबड्यांका पत्रक वाचूक येना नाय वाटता,” असंच म्हणाल्या असत्या. त्या एका वाक्याला मी घाबरले.

आता ऐका त्या खरोखर काय म्हणाल्या. जिन्यात, मोठ्याने, काकूंना ऐकू जाईल असं: “घाट्यांची मांजरां ती. घरात खावक घालणत नाय, मगे लोकांच्या मागीलदारी फिरतली.”

एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सोललं असतं. घाटी शब्दावरून मी किती जणांशी भांडलेय. त्या दिवशी मी जिन्यात उभी होते आणि चपलेचा बंद नीट करत होते. बंद नीटच होता.

संध्याकाळी काकू आल्या. दारातच उभ्या, आत येईनात. बाबांसमोर हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोरी, तू आमच्यासाठी एवढं भांडतीयास, आणि माझ्या मन्यानं तुझ्याच दारात घात केला बघ. चुकलं आमचं.”

त्यांनी माझी माफी मागितली. मी काय केलं माहीत आहे? मी ती दिली. “जाऊ दे हो काकू, जनावर आहे,” असं म्हणाले. मोठ्या मनाने.

मन्याला त्यांनी दारावर येणाऱ्या कोळणीबरोबर माहीमला धाडलं. पिशवीत घालताना तो ओरडत होता. मी खोलीत बसून नवं पत्रक लिहीत होते. त्यात एक वाक्य होतं: ‘भाडोत्र्यांवर पुराव्याशिवाय आरोप खपवून घेणार नाही.’ खोटं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं असतं, अक्षर माझं नसतं तर.

काही दिवसांनी काकूंनी बहिणीकडून एक तलंग मागवली आणि बाबांच्या हातात दिली. भरपाई. ती डाल्याखाली ठेवली, जुन्यांना कंटाळा येईपर्यंत ठेवली, आणि कुणालाही एक ओरखडा न येता मिसळली. आज तिच्याच लेकी-नाती सगळ्यांत जास्त अंडी देतात. मी ती खाते.

नळाचंही मिटलं. एकच रांग झाली. काकूंनी चाळभर साखर वाटली आणि पहिली चिमूट माझ्या तोंडात घातली. तेव्हापासून त्यांची भाकरी-शेंगाचटणी आमच्याकडे, आमची अंडी त्यांच्याकडे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. माझ्या बाबतीत राहिलं. मी चांगलं झाकलं होतं. सगळे सुखात होते, मीही. कधीतरी आठवायचं, मी दुसरं काम काढायचे. हे असंच चालू राहिलं असतं.

पण गेल्या आठवड्यात काकूंची लेक आली. आईला सोबत म्हणून मांजराचं पिल्लू घेऊन. करडं, मुठीएवढं, काकूंच्या पदरात शिरून झोपलं. काकूंनी त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. आणि उचलून लेकीला परत दिलं.

“नगं गं बाई. माझ्या हातचं मांजर चोरटं निघतं. माझंच वळण वाईट. हिला विचार की, हिनं डोळ्यानं बघितलंय.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी अंडी द्यायला गेले होते.

मी मान हलवली. ‘हो’ म्हणून हलवली.

त्या बाईने इतकी वर्षं माझ्या बोलण्यावरून स्वतःला ओळखलं, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. मी समजत होते, बोका गेला, एवढंच. घाबरट मी एकदाच नव्हते, तर आजपर्यंत होते. वय लहान होतं, असं म्हणू? गेल्या आठवड्यात माझं वय लहान नव्हतं.

पिल्लू रविवारपर्यंत लेकीकडे आहे, मग दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंय. उद्या सकाळी नळ गेला की मी काकूंकडे जाणार आहे आणि हे त्यांच्यासमोर वाचणार आहे. चाळीत लावायचं ते नंतर. ऐकून त्या काय म्हणतील, ते त्यांचं.

तुमच्या हाताला वाईट वळण नव्हतं, काकू. मन्या कोंबडीला शिवलासुद्धा नाही. डालं मी उचललं, आणि मी काहीही बघितलं नव्हतं.