दीपगृहाचा जिना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वडीगोद्रीच्या घरात आता आम्ही दोघंच असतो, सांगायला वेळच वेळ असतो — तरी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात मी भंगार तपासायला होतो. कुठून कुठून ट्रक यायचे, भंगार भट्टीत वितळायचं, त्याच्या सळया व्हायच्या. माझं काम एवढंच — ट्रकवर चढायचं, माल हाताने उलटापालटा करून बघायचा, मगच सही करायची. बंद डबा किंवा गॅसची टाकी भट्टीत गेली तर माणसं भाजतात. म्हणून न चढता सही करणाऱ्याला मालक त्याच दिवशी घरी पाठवायचे. माझ्या आधीच्या माणसाला तसंच पाठवलं होतं.

आणि मी? गुडघे दुखतात असं सांगायचो. खरं म्हणजे आळस. खुर्चीत बसून सह्या ठोकायचो, आणि बरेच महिने ते खपून गेलं.

मग कोकणातून एक ट्रक आला. सही झाली, माल उतरला, तेव्हा मी ढिगाकडे पाहिलं. ओतीव लोखंडाच्या पायऱ्या होत्या, गोल जिन्याच्या — एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. टाकून द्यायच्या वस्तूला कोणी आकडे घालतं का? आकडे घालतात ते परत होतं तसं बसवायला. एवढं मला कळत होतं. पण मालकांना सांगायचं म्हणजे ट्रक न बघता सही केली हेही सांगायचं. मी त्या पायऱ्यांवर पत्रे टाकून घेतले. म्हटलं, बघू.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर नाही, साधी पँट, हातात कापडी पिशवी. समुद्रकाठच्या एका जुन्या दीपगृहावर त्यांनी आयुष्यभर दिवा सांभाळला होता, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी. दीपगृहाची दुरुस्ती निघाली होती. जिना सुटा करायचा, गंज काढायचा आणि परत बसवायचा, असं ठरलेलं. ठेकेदाराच्या माणसांनी तो भंगारात घातला. ट्रकचा नंबर मिळवून, एसटी बदलत बदलत हे एकटेच जालन्यापर्यंत आले होते. पायऱ्यांवरचे आकडे त्यांनीच घातले होते — स्वतःच्या हाताने.

मी त्यांना चहा पाजला. ते सांगत राहिले. इंग्रजांच्या काळात तो जिना बोटीने आला होता. वडील तेलाचे डबे घेऊन त्यावरून चढायचे. भिंतीकडची बाजू पावलांनी झिजून गुळगुळीत झाली होती; अंधारातही पाय बरोबर तिथंच पडायचा, म्हणाले.

"बाबा, ते तर भट्टीत गेलं," मी म्हणालो. "कालच गेल्तं. बिलकुल काही राह्यलं न्हाई."

पायऱ्या आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या.

कालच, असं का म्हणालो? परवा म्हणू शकलो असतो. तोंडाला आलं ते बोललो. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "घरात नातीचं बारसं होतं, म्हणून एक दिवस थांबलो. थांबायला नको होतं." खरं सांगितलंत म्हणून माझे आभार मानले. पिशवीतून आमसुलांची पुडी काढून माझ्या हातात दिली. मी ती घेतली. महिनाभर आमच्या घरी आमटीत पडत होती.

ते फाटकाबाहेर गेले, आणि मीच क्रेनवाल्याला हात केला. कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारा विचारत आला, उद्या दुसरा कुणी येईल — ही भीती. पायऱ्या वर उचलल्या जाताना काही आकडे मला वाचता आले. त्या भट्टीत गेल्या. नोकरी राहिली, पुढे रीतसर हारतुरे घालून निवृत्त झालो.

जाताना त्यांनी माझा फोन नंबर घेतला होता. गणपतीत, दिवाळीत फोन करतात, मला भला माणूस समजतात. दीपगृहाला रंग दिलाय, लोक बघायला येतात, नवा जिना पत्र्याचा आहे, पावलागणिक वाजतो. ती नात आता शाळेत जाते. जुना जिना कुठे गेला, असं कुणी विचारलं की ते स्वतःच सांगतात, "माझ्यामुळे गेला, मी उशिरा पोचलो." गावातही आता तसंच बोलतात.

परवा पुन्हा फोन आला. आवाज खोल गेला होता. म्हणाले, "एक विचारू? एक दिवस आधी आलो असतो, तर मिळाला असता ना जिना?"

मी म्हणालो, "हो बाबा. मिळाला असता."