बाजारवाराचा अंदाज

“सरासरी कोन्या गावात राह्यते, साहेब? पत्ता द्या, भेटून येतो.”

अमरावतीच्या आमच्या कार्यालयात तो असं म्हणाला की सगळे हसायचे. मीही हसायचो. असा एखादा माणूस तुमच्याही कार्यालयात असेलच.

तो बार्शीटाकळीचा कारकून. निराधारांच्या पेन्शनचं काम संगणकावर जायचं होतं. कोणत्या तालुक्याला किती संगणक लागतील याचा अंदाज त्याने काढायचा आणि अहवालावर सही मी करायची. सहीला अनुभव लागतो.

रीत सोपी होती. महिन्याला येणारी माणसं कामाच्या दिवसांनी भागायची. त्यासाठी खुर्ची सोडावी लागत नाही. हा मात्र एसटीने अकोल्याकडच्या एका तालुक्याला गेला आणि आठवडाभर कचेरीच्या पायरीवर बसून माणसं मोजून आला.

“बाकी दिवस चिटपाखरू नाही, साहेब. बाजाराच्या दिवशी मुंग्यांवानी लोक. खेड्यातली म्हातारी एका खेपेत दोन कामं करते. मिरची घेते अन् पेन्शनसाठी अंगठा देते. सहा संगणक लागतीन.”

“सरासरीने दोन पुरतात.”

“मंग म्हातारीले सांगा, बाजार सरासरीनं कर म्हणून.”

सहा लिहिले की वरून प्रश्न येतात, दोन लिहिले की शाबासकी. मी दोन लिहिले. त्याचा सहाचा कागद कपाटात टाकला. आमचा अहवाल नमुना म्हणून इतर जिल्ह्यांना गेला.

पहिल्याच बाजाराला दोन्ही संगणक दुपारपर्यंत बंद पडले. ज्यांचा अंगठा राहिला, त्यांची पेन्शन थांबली. चौकशी लागली. अंदाज कोणी काढला?

“त्याने,” मी म्हणालो. वाक्यात खोटं काही नव्हतं.

त्याची बढती अडली. मी त्याची नजर टाळत होतो, तर तोच टेबलाजवळ आला.

“तुमचे दोनच महिने राह्यले, साहेब. निरोप नीट होऊ द्या.”

निरोप नीट झाला. शाल, श्रीफळ, माझ्या काटेकोरपणावर तीन भाषणं. त्यानेच खुर्च्या मांडल्या.

तो गेल्या साली गेला, कारकूनच राहून. मी उशिरा भेटायला गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, “भाऊजी, ह्यांचा अंदाज खरंच चुकला होता का?”

“नाही, वहिनी. बरोबर होता. मी बदलला.”



“ते बी हेच म्हणत. मले वाटे, मनाची समजूत घालून राह्यले.”

मग ती त्याच्या फोटोकडे तोंड करून बसली. मी उभाच होतो.