खिडकीतला स्फटिक
इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला की मला दादाच्या नागपूरच्या घरातली मे महिन्यातली ती सकाळ आठवते. नोकरी सुटल्यामुळे मी तिथेच राहत होतो. स्फटिक उन्हात ठेवला की त्यात शक्ती भरते, मन स्थिर होतं, असं इतवारीतल्या दुकानदाराने सांगितलं, म्हणून लिंबाएवढा पारदर्शक गोळा आणून मी त्या सकाळी गुपचूप देवघराशेजारच्या खिडकीत ठेवला. त्यातून ऊन भिंगासारखं एका ठिपक्यात एकवटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडदा पेटला. वहिनींनी बादलीभर पाणी मारून तो विझवला. मी धावत गेलो तर गोळ्यालगतचंच कापड जळालेलं; कोणी बघायच्या आत मी गोळा खिशात टाकला. एरवी हाताला थंडगार लागणाऱ्या त्या स्फटिकाचा मांडीला चटका बसत होता, पण हलायची सोय नव्हती. "काहून वं, दिवा तसाच ठेवून उठली?" आई ओरडली, "घर जाळशील आमचं!" "शांत करूनच उठली मी, आई. भाऊजी, तेव्हा तुम्ही इथंच होते, सांगा ना!" खरं बोललो तर दादा घराबाहेर काढेल, एवढंच मला दिसत होतं. "माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. आजवर हे कोणालाच सांगितलं नाही. आता आई नाही; वहिनी संध्याकाळी दिवा लावतात आणि तो शांत होईपर्यंत देवापुढून हलत नाहीत. काल मी म्हटलं, "जा तुम्ही, मी बसतो." तर हसून म्हणाल्या, "नको भाऊजी, माझा मलेच भरवसा नाही. मागं एकदा विसरली होती ना मी."