निळ्या झेंड्याचा दोष

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. त्यात नावही ठाऊक नसलेल्या माणसाविषयी लिहितोय, माफ करा. नव्वद सालाच्या आसपास, इंग्लंडात लीड्सला शिकताना, मी रविवारी एका छोट्या रेसिंग ट्रॅकवर मार्शल असायचो. मागून वेगवान गाडी आली की पुढच्या हळू गाडीला 'वाट दे' म्हणून निळा झेंडा दाखवायचा, हे माझं काम. माझा झेंडा बहुधा एकाच लाल गाडीसाठी हलायचा. तिच्या मिशाळ मालकाला निदान एकदा शेवटून दुसरं यायचं होतं. त्याची बायको पावसात त्याला फेरीची वेळ दाखवणारा बोर्ड धरून उभी असायची.

"पोरा, तुझ्या झेंड्यामुळे लक्ष उडतं माझं!" हातमोजे झटकत तो दर शर्यतीनंतर दटावायचा. मी सॉरी म्हणायचो.

परवा ट्रॅकवरच्या जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. मी लीड्स सोडल्यावर त्या गृहस्थाचं मनगट मोडलं, म्हणून बायकोने तीच गाडी चालवली आणि ती तिसरी आली. तो बोर्ड धरून सगळ्यांना सांगत होता, "तो झेंडेवाला पोरगा गेला ना, त्याचा फायदा!"