पायताणातला धुळाप्पा

आमच्या शेळगीच्या गल्लीतला धुळाप्पा मरून वर्ष झालं, तरी रोज संध्याकाळी सात वाजता घरी यायचा. कर्र, कर्र, कर्र. त्याची अधू डोळ्यांची आई राजाबाई आतून ओरडायची, "धुळाप्पा आला गं, पानी दे!"

यायचा तो धाकटा अजिनाथ, चिंचोळीच्या कारखान्यातून. पायात थोरल्याची करकरणारी पायताणं, आईनं हट्टानं घालायला लावलेली, दोन बोटं लांब. पुढं पायताण, मागं अजिनाथ, अशी ती वरात बघून आम्ही हसायचो. पाणी आणणारी मायाक्का, धुळाप्पाची बायको, कधी हसली नाही. त्या आवाजानं तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडायचं.

मग राजाबाईनं ठरवलं, अजिनाथनं वहिनीशी पाट लावायचा, पहिल्या पोराचं नाव धुळाप्पा. अजिनाथ बॉयलरसमोर आठ तास उभा राहील, आईसमोर आठ मिनिटं नाही.

मायाक्का शेजारच्या चिमाबाईंकडं गेली. त्या चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवायच्या आणि हर दुखण्यावर जुन्या करारातला काढा द्यायच्या.

"यहुद्यांतबी हेच होतं की गं. भाऊ पोराबाळावाचून मेला, तर दिरानं वहिनीला करायचं. मेलेल्याचं नाव बुडू नये, बाई उघड्यावर पडू नये."

"आन् दीर नको म्हनला तर?"

"पंचांपुढं तिनं त्याच्या पायातलं पायताण काढायचं, तोंडावर थुंकायचं. मोकळी."

"आन् तिलाच नको असंल तर?"

चिमाबाईंनी चष्मा पुसला. "ते कुनी इचारलं नसंल."

पाटाची सुपारी फोडायला चार म्हातारे पंच म्हणून बसले. मायाक्का अजिनाथच्या पायाशी बसली. "भावजी, खरं सांगा. पायजे का हे?"

त्याचे डोळे भरले. "न्हाय वैनी."

तिनं दोन्ही पायताणं काढून घेतली.

"थुंकायचं ऱ्हायलं की," मागं उभ्या चिमाबाई पुटपुटल्या.

"जाऊ द्या बाई. तोंड आधीच उतरलंय त्येंचं." मग सासूकडं वळून म्हणाली, "आत्ती, मी हितंच ऱ्हानार. माज्या मालकांचं नाव मी सांबाळते."

अजिनाथ आता कंपनीचे बूट घालून गुपचूप येतो. पण सात वाजले की कर्र, कर्र, कर्र. म्हातारी ओरडते, "धुळाप्पा आला गं!" गल्लीत आता कुणी हसत नाही. अंगणात मायाक्का, पायात नवऱ्याची पायताणं. उंबऱ्यावर आपणच भरून ठेवलेला तांब्या उचलते, घटाघटा पिते. थेंब सांडत नाही.

मग धुळाप्पासारखीच खाकरते.