वाटाड्याची नाळ

वाटाड्या कुणालाही कधी ‘थांब’ म्हणत नसे. तो पुढे जायचा, वळणाआड दिसेनासा व्हायचा आणि तिथून ओरडायचा, “ये रे, वाट आहे!” शाळेपासून सह्याद्री पालथा घातलेला हा पुण्याचा पोरगा अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसत असे. मॉलच्या पार्किंगमध्ये जागा शोधतानाही त्याची हीच आरोळी. म्हणून त्याचं नाव वाटाड्या.

माझे वडील चळवळीतले. मी अक्षरं शिकलो ती त्यांच्या पत्रकांवर. जंगल, पाणी, डोंगर कुणाच्या बापाचे नाहीत, हे मी लंचच्या टेबलावर तावातावाने सांगायचो. वाटाड्या डबा खात ऐकायचा. एकदा म्हणाला, “भाषण झकास. डोंगरावर कधी गेलायस?”

मी गेलो नव्हतो.

२००४च्या हिवाळ्यात त्यानेच मला नेलं. स्की भाड्याने आणल्या, पण लिफ्टला त्याचा ठाम नकार. “खुर्चीत बसून डोंगर चढायचा? त्यापेक्षा सरकत्या जिन्यावर जाऊ की, यार!” चढताना स्की मागे घसरू नयेत म्हणून त्याने त्यांना कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळली. सॅकमध्ये आदल्या दिवशीच्या पोळ्या आणि गूळ. वाटेच्या तोंडाशी बर्फाचे कडे कोसळण्याचा इशारा देणारा बोर्ड होता. मी तो मोठ्याने वाचला.

“हे बोर्ड वकील लिहितात,” वाटाड्या म्हणाला. दोघंही हसलो.

वर पोचल्यावर त्याने सॅक उघडली. खाली देवदार, समोर नुसते पांढरे डोंगर. मग गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “आता सांग, कुणाच्या बापाचा?”

उतरताना तो नाळ शोधू लागला. सह्याद्रीत दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची घळ म्हणजे नाळ. कड्यावरून खाली उतरायची हक्काची वाट. ती दिसली की त्याला घर दिसल्यासारखं व्हायचं. तशीच घळ इथेही होती, बर्फाने काठोकाठ भरलेली. बर्फाच्या मुलखात डोंगर आपला भार नेमका तिथूनच खाली सोडतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तो बसत, घसरत, हसत खाली गेला. मी काठावर उभा होतो.

“ये रे, वाट...”

पायाखाली धप्प असा आवाज झाला. त्याने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरच्या उताराकडे. दोन्ही हात वर करून तो ओरडला, “येऊ नकोस! थांब!”

मग नाळ वाहिली. ती थांबल्यावर अगदी स्वच्छ दिसत होती, जणू तिथून कधी कुणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. घरोघरचे पदार्थ आणून आम्ही मराठी मंडळी जेवायचो, त्या पुढच्या पॉटलकमध्ये कुणीतरी म्हणालं, “नोकरी करायला आलो आपण, हे धंदे कशाला?” मी ताट ठेवून उठलो. खुर्चीतून न उठणाऱ्यांनी त्याला मूर्ख म्हणावं, हे मला आजही सहन होत नाही. आणि ते बोर्ड वकील लिहीत नाहीत, हेही मी भेटेल त्याला सांगतो. त्याने मला दोन्ही शिकवलं.

पुण्याहून त्याच्या वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, “वाट चुकला का रे तो?”

“नाही, काका,” मी म्हणालो.

मी अजून डोंगरावर जातो. प्रत्येक वळणावर उभा राहून ‘ये रे’साठी कान देतो. ऐकू येतं ते दुसरंच. आणि मी थांबतो.